चढणीला वेळ कुठला? मॅरेथॉनच्या सरावातल्या एका जुन्या प्रश्नाचा आढावा

गुहागर गाव समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले आहे. पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरची पुळण, तिला लागून नारळी-पोफळीची आगरे, आगरांच्या कडेने जाणारा गावाचा लांबलचक रस्ता आणि पूर्वेला लगेच चढण. ती संपली की जांभ्याचा सडा. शृंगारतळीवरून चिपळूणकडे जायचे असो की पालशेत-हेदवीकडे, आधी अंगावर घाटी येते. मॅरेथॉनच्या सरावाच्या पुस्तकांत ‘हिल ट्रेनिंग’ला आठवड्यातला एक वेगळा दिवस नेमलेला असतो. इथे गाव सोडून धावायचे म्हटले की तो दिवस आपोआप उजाडतो.

म्हणून हा प्रश्न गुहागरसारख्या ठिकाणाहून पाहणे सोयीचे आहे. इथे पहाटे पळणारे लोक म्हणजे शिक्षक, बँकेतले कर्मचारी, अंजनवेलच्या वीज प्रकल्पात पाळीवर जाणारे, पोलीस भरतीच्या १६०० आणि ८०० मीटरसाठी घाम गाळणारी मुले-मुली, आणि गणपती-शिमग्याला गावी आलेले, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलेले चाकरमानी. भरतीवाल्यांचे गणित निराळे आहे, त्यांना इथे बाजूला ठेवू. बाकीच्यांच्या हातात आठवड्याचे पाच-सहा तास असतात. त्यात लांब पल्ल्याची एक धाव, एखादा वेगाचा दिवस आणि दोन-तीन सावकाश धावा बसवल्या की वही भरते. मग चढणीला वेळ कुठून आणायचा, आणि आणला तर काय वगळायचे? या प्रश्नाला गेल्या साठ-पासष्ट वर्षांत बरीच उत्तरे मिळाली आहेत. त्यांतली काही एकमेकांना पूरक आहेत, काही एकमेकांना छेदतात.

मागची वाट

चढणीला शास्त्राचा दर्जा मिळाला तो १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या हाताखालच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरी हालबर्गने ५००० मीटरचे सुवर्ण जिंकले. अबेबे बिकिलाने ज्या मॅरेथॉनमध्ये अनवाणी धावून सोने मिळवले, तिच्यात लिडियार्ड यांचाच बॅरी मॅगी तिसरा आला. ऑकलंडजवळच्या वाइटाकेरे डोंगरांतला सुमारे ३५ किलोमीटरचा वाइयाटारुआचा फेरा ही त्यांची ठरलेली लांब धाव होती. आधी कित्येक आठवडे नुसते मैल जमवायचे, मग चारेक आठवड्यांचे चढणीचे स्वतंत्र पर्व, आणि त्यानंतर वेग, अशी त्यांची रचना होती. त्या पर्वात चढावर नुसते पळायचे नसे. गुडघे उचलत, घोट्यातून उसळी घेत वर जायचे, माथ्यावर हलके धावायचे, उतारावर पावले मोकळी सोडायची आणि पायथ्याशी सपाटीवर थोड्या जोरकस धावा मारायच्या.

एक गोष्ट या चर्चेत सहसा निसटते. लिडियार्ड स्वतः चपला-बुटांच्या कारखान्यात काम करत आणि पहाटे दूध घालत. त्यांचे शिष्यही दिवसभर नोकरी करून पळणारे होते. त्यामुळे त्यांची पद्धत रिकामटेकड्यांसाठी होती असे म्हणता येत नाही. मात्र आठवड्याला शंभर मैल हा तिचा पाया होता, आणि गुहागरच्या शाळामास्तरांना तो परवडणारा नाही.

त्याच रोममध्ये १५०० मीटरचे सुवर्ण विश्वविक्रमासह जिंकणाऱ्या हर्ब एलियटचे गुरू पर्सी सेरुटी यांनी ऑस्ट्रेलियातल्या पोर्टसी इथल्या वाळूच्या टेकड्यांवर शिष्यांना चढवले होते. समुद्र, वाळू आणि चढ यांचा हा मेळ कोकणातल्या वाचकाला परका वाटू नये. पुढे केनियाच्या धावपटूंचा दबदबा वाढला तसा इटेनच्या परिसरातल्या तांबड्या मातीच्या चढ-उतारांचा आणि फ्लोरस्पारच्या सुमारे २१ किलोमीटर लांब चढणीचा बोलबाला झाला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या अमेरिकेच्या फ्रँक शॉर्टरने चढणीला वेषांतर केलेला वेगाचा सराव म्हटले, आणि ते वाक्य जगभरच्या क्लबांत रुळले.

महाराष्ट्रात पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून होती. पण नोकरदार माणूस मोठ्या संख्येने पळू लागला तो २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यावर. तिचा मार्ग बहुतांशी सपाट असला तरी पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, पाय रिते झालेले असताना, पेडर रोडचा चढ येतो. कोकणातल्या माणसाला तो चढ म्हणजे किरकोळ उंचवटा वाटेल. तरी दरवर्षी कित्येकांची शर्यत तिथेच मोडते, आणि चढणीच्या सरावाची आठवण त्यांना दुसऱ्या दिवशी होते. २०१२ मध्ये साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचे आणि त्याच घाटाने उतरायचे. तिने चढणीला पाहुणीची यजमानीण केले. त्यानंतर पुण्याची वेताळ टेकडी आणि सिंहगड, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता, नवी मुंबईतली पारसिकची टेकडी या जागा पहाटे गजबजू लागल्या.

चढावर शरीराचे काय होते

मतांकडे जाण्यापूर्वी ज्याबद्दल फारसा वाद नाही ते पाहू. इटालियन शास्त्रज्ञ आल्बर्टो मिनेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डोंगरी शर्यती धावणाऱ्यांवर केलेली मोजमापे आजही आधार मानली जातात. त्यांच्या सूत्राप्रमाणे सपाटीवर एक किलोमीटर धावायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या दीडपटीहून अधिक १० टक्के चढावर लागते. म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना दहा मीटर वर जायचे असेल, तर कमी वेगातही हृदय आणि फुप्फुसे वेगाच्या दिवसाइतकीच राबतात. उतारावर खर्च कमी होत जातो, २० टक्के उताराला तो सपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो आणि त्याहून तीव्र उताराला पुन्हा वाढतो, कारण तिथे शरीराला सतत ब्रेक लावावा लागतो.

दुसरी गोष्ट आदळण्याची. गॉटशॉल आणि क्रॅम यांनी २००५ मध्ये दाखवले की ९ अंशांच्या उतारावर पाय टेकतानाचा आघात सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी वाढतो, तर चढावर तो कमी होत जातो. चढावर गुडघ्याला आराम आणि पोटरीला शिक्षा, उतारावर नेमके उलटे, हा धावणाऱ्यांचा अनुभव या मोजमापाशी जुळतो.

इथपर्यंत एकमत आहे. पण ‘चढावर कष्ट जास्त पडतात’ यावरून ‘चढावर धावल्याने सपाटीवरची मॅरेथॉन सुधारते’ असे सरळ सिद्ध होत नाही, आणि मतभेद तिथूनच सुरू होतात.

चार मते

पहिले मत लिडियार्ड यांच्या परंपरेचे आहे: चढणीला स्वतःचे पर्व द्यावे. शर्यतीच्या तीन-चार महिने आधी तीन-चार आठवडे चढणीला वाहावेत, मग ती बाजूला ठेवून वेगाकडे वळावे. शरीर एका वेळी एकच गोष्ट नीट शिकते, असा यामागचा विचार. नोकरदाराला यात एक छुपा फायदाही आहे. चढणीची चिंता वर्षभर न करता तिचा हिशेब महिन्याभरात मिटतो. अडचण अशी की त्या महिन्यात आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी चढणीला लागतात, आणि पाया कच्चा असेल तर टाच व पोटरी आधी तक्रार करतात.

दुसरे मत आज सर्वाधिक प्रचलित असावे: आठवड्यातला एक ठरलेला दिवस. साठ ते नव्वद सेकंदांचे सहा-आठ चढ जोरात चढायचे, हलके धावत उतरायचे, सगळा कार्यक्रम पाऊण तासात आटपायचा. याच्या बाजूने बोलणारे कायल बार्न्स आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या प्रयोगाकडे बोट दाखवतात. चांगला सराव असलेल्या वीस धावपटूंनी सहा आठवडे वेगवेगळ्या तीव्रतेचे चढ चढले. ५ किलोमीटरची वेळ सरासरी २ टक्क्यांनी सुधारली, आणि धावण्यातली ऊर्जेची काटकसर सर्वांत जास्त वाढली ती छोट्या, अतितीव्र चढांनी. त्याच वर्षी डेरेक फर्ली यांच्या प्रयोगात ३२ धावपटूंपैकी काहींनी १० टक्के चढावर आणि काहींनी सपाटीवर जोरकस सराव केला. दोन्ही रीतींनी फायदा झाला, पण चढणीचा गट सपाटीच्या गटाच्या पुढे गेला नाही. दोन्ही प्रयोग एकत्र वाचले तर निष्कर्ष बेताचाच निघतो: चढण ही वेगाच्या दिवसाची चांगली बदली आहे. वेळ नसलेल्या माणसाला तेवढेही पुरते, कारण मग चढणीसाठी वेगळा दिवस शोधावा लागत नाही.

तिसरे मत चढण सरावात मुरवण्याचे आहे. वेगळा दिवसच नको. सावकाश धाव चढ-उताराच्या रस्त्यावर घ्यावी, लांब धावेच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात एखादी घाटी येऊ द्यावी, आणि आठवड्यातून एकदा सोप्या धावेच्या शेवटी आठ-दहा सेकंदांचे सहा-आठ तीव्र चढ पूर्ण ताकदीने मारावेत, मध्ये दम पूर्ण परत येईपर्यंत चालत उतरावे. इटलीचे रेनातो कानोव्हा आणि अमेरिकेचे ब्रॅड हडसन या प्रशिक्षकांमुळे या छोट्या धावा गाजल्या. त्यांत दम लागण्याआधीच धाव संपते. हेतू असतो स्नायूंना अधिक तंतू कामाला लावायला शिकवण्याचा, म्हणजे जिममध्ये न जाता ताकद कमावण्याचा. एकूण खर्च पंधरा-वीस मिनिटे.

चौथे मत साशंकांचे आहे आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. शर्यत सपाट असेल तर सरावही सपाट असावा, असे ते म्हणतात. मॅरेथॉन म्हणजे एकाच लयीत हजारो पावले टाकणे. ती लय सपाटीवर एकसारख्या वेगात धावूनच अंगी बाणते. चढणीने शीण येतो, शिणामुळे पुढची महत्त्वाची धाव बिघडते, आणि आठवड्यात चारच दिवस पळणाऱ्याचा एक दिवस बिघडणे म्हणजे चौथा हिस्सा जाणे. शिवाय घड्याळात दिसणारा वेग चढावर कोसळतो, माणूस तो वाढवायला जातो आणि सोप्या दिवसाचा अवघड दिवस होतो. गुहागरसारख्या गावात हा आक्षेप सर्वांत खरा ठरतो. इथे चढण शोधावी लागत नाही, टाळावी लागते.

माझा कल तिसऱ्या मताकडे आहे, निदान आठवड्याला पाच तासांच्या आत पळणाऱ्यांसाठी. साताऱ्यासारखी घाटाची शर्यत गाठायची असेल तर दुसऱ्याला पर्याय नाही. पहिले मत कालबाह्य म्हणून मोडीत काढले जाते, ते मात्र घाईचे वाटते. त्याचे कारण पुढे येईल.

उताराची थकबाकी

चढणीवर इतके लिहिले गेले, त्या मानाने उताराकडे दुर्लक्ष झाले. वास्तविक घाटी चढलेला माणूस खालीही येतोच. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. त्यातून स्नायूंत बारीक इजा होते, आणि दोन दिवसांनी जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. त्याच इजेतून संरक्षणही मिळते: एकदा उतार अंगवळणी पडला की पुढचे काही आठवडे तसल्याच उताराने तेवढी हानी होत नाही. शरीरशास्त्रात हे पक्के प्रस्थापित आहे.

बॉस्टनची मॅरेथॉन याचे नेहमीचे उदाहरण. बत्तिसाव्या किलोमीटरनंतरच्या ‘हार्टब्रेक हिल’ला लोक घाबरतात, पण मांड्या आधीच्या लांब उताराने निकामी झालेल्या असतात. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत एखाद्या वर्षी डर्बनकडे उतरणारी असते. तिथे गेलेले मराठी धावपटूही परतल्यावर चढापेक्षा उताराबद्दलच बोलतात.

तरी उताराचा सराव किती करावा यावर एकवाक्यता नाही. काही प्रशिक्षक पंधरवड्यातून एकदा सौम्य उतारावर लांब धाव सुचवतात आणि शेवटचा कठीण उतार शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी संपवतात. काहींच्या मते चढ चढून हलके उतरताना होतो तेवढाच उतार पुरे, जास्तीचा म्हणजे गुडघ्याला आमंत्रण. चाळिशीनंतर पळायला लागलेल्यांनी दुसरा सल्ला ऐकलेला बरा.

पाखाडी, वाळू, ट्रेडमिल

पर्यायांबद्दल थोडक्यात. ट्रेडमिलवर १ टक्का चढ ठेवला की बाहेरच्या सपाट धावेइतकी ऊर्जा लागते, हे जोन्स आणि डाउस्ट यांनी १९९६ मध्ये दाखवले. म्हणजे चढणीचा सराव त्यापुढे सुरू होतो, आणि पाळीच्या कामगाराला मध्यरात्रीही तो करता येतो. उतार मात्र बहुतेक यंत्रांवर मिळत नाही. जिन्याची जागा कोकणात पाखाडी घेते. जांभ्याच्या पायऱ्यांची ती वाट वाडीतून थेट वर जाते. पायऱ्या उंच-सखल असल्याने पळण्यापेक्षा झपाझप चढायला ती चांगली. पावसाळ्यात शेवाळ धरले की तिच्याकडे फिरकू नये.

वाळूचे प्रकरण फसवे आहे. लेज्यून आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या मोजणीप्रमाणे मऊ वाळूत धावायला कठीण जमिनीच्या १.६ पट ऊर्जा लागते, म्हणजे जवळपास १० टक्के चढाइतकी. काहींना त्यावरून पुळण ही चढणीची जागा घेईल असे वाटते. दम सारखाच लागतो हे खरे, पण वाळूत पाऊल मागे सरकते आणि उसळी विरते. चढावर नेमकी उसळीच शिकायची असते. सेरुटी यांनी वाळू आणि चढ एकत्र वापरले, ही बाब त्यांचे अनुयायी विसरतात.

गुहागरची पहाट

आता या सगळ्याचा इथल्या आठवड्याशी मेळ घालून पाहू. सपाट धाव हवी असेल तर ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू हा गावातला सर्वांत चांगला मार्ग. पण ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास मोठी भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, त्यामुळे पहाटे सहाला पाणी खूप मागे गेलेले असते. अष्टमीच्या सुमारास याच्या उलट, पहाटे भरती आणि पळायला उरते ती वरची भुसभुशीत वाळू. कोळ्यांना हे तिथीवरून तोंडपाठ असते. शाळेची घंटा किंवा पाळीचा भोंगा मात्र तिथी पाहत नाही.

त्यातून एक वेळापत्रक आपसूक तयार होते: उधाणाच्या दिवसांत पुळणीवर एकसारख्या वेगाची लांब धाव, अष्टमीच्या आगेमागे घाटी. म्हणजे चक्र सातऐवजी पंधरा दिवसांचे. छापील योजना सात दिवसांना चिकटून असतात, कारण रविवार सात दिवसांनी येतो. पण दहा ते चौदा दिवसांचे चक्र वापरणारे प्रशिक्षकही आहेत, विशेषतः वयस्क धावपटूंसाठी. दोन कठीण दिवसांमध्ये जास्त विसावा मिळतो, हे त्याचे कारण. पुळणीचा एक दोष लक्षात ठेवावा लागतो. ती समुद्राकडे कललेली असते, त्यामुळे जाताना एका पायावर आणि येताना दुसऱ्यावर अधिक भार येतो.

चाकरमान्यांचे गणित वेगळे, आणि लिडियार्ड यांचे पर्व इथे कामाला येते. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. गणपती तिच्या साधारण सतरा ते एकवीस आठवडे आधी येतात, म्हणजे चढणीचे पर्व जिथे बसवायचे जवळपास तिथेच. मुंबईत ज्यांना पारसिकला किंवा बोरिवलीला जायलाच तास लागतो, त्यांना गावच्या मुक्कामात घाटी दारात असते. आठवडाभर दिवसाआड अर्धा तास चढण, मग परत जाऊन पंधरवड्यातून एकदा तिची उजळणी, एवढ्याने पर्वाची छोटी आवृत्ती साधते. रात्रीच्या आरत्या-भजने आणि सकाळचे मोदक हिशेबात धरलेले बरे. भाद्रपदात रस्त्याच्या कडा निसरड्या असतात, वळणावर वाहनाला माणूस दिसत नाही, आणि काळोखात बिबट्याची धास्ती असते. दिवस फटफटल्यावर, दोघा-तिघांनी मिळून निघणे हाच शहाणपणा. स्त्रियांना तर एकटीने घाटीत जाण्यापूर्वी याहून जास्त विचार करावा लागतो, आणि ‘रोज पहाटे चढण’ असे लिहिणाऱ्या योजना तो खर्च कुठेच मांडत नाहीत.

जे सुटलेले नाही

चढणीवरचे प्रयोग बहुतेक सहा-आठ आठवड्यांचे, थोड्या लोकांवरचे आणि आधीच तयार असलेल्या धावपटूंवरचे आहेत. निकाल मोजला जातो तो ५ किलोमीटरवर किंवा प्रयोगशाळेतल्या पट्ट्यावर. साडेचार-पाच तासांत मॅरेथॉन पुरी करणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला त्यातून काय मिळते, हे अनुमानानेच सांगावे लागते. काटकसर २ टक्क्यांनी वाढली तर ती शेवटच्या दहा किलोमीटरपर्यंत टिकते का, यावर प्रशिक्षकांचे दोन तट कायम आहेत.

मोजायचे काय, हेही ठरलेले नाही. कोणी चढलेले मीटर मोजतो, कोणी चढावर घालवलेली मिनिटे, कोणी फक्त श्वास. दमट किनाऱ्यावर यात आणखी गुंता होतो. चढावर वेग कमी असतो, म्हणून अंगावरून जाणारा वारा कमी, आणि शरीर मात्र तेवढीच उष्णता तयार करत असते. हवेत ओलावा असल्याने घाम सुकत नाही, निथळतो. इटेनच्या कोरड्या, थंड उंचीवर ज्या मापाने चढण घेतली जाते ते माप मे महिन्यातल्या गुहागरला लागू करता येत नाही, यावर सगळे सहमत होतील. किती कमी करावे, यावर नाही. तोवर इथले अनुभवी धावक घड्याळ खिशात ठेवून चढतात, आणि सोबत्याशी बोलताना वाक्य तुटायला लागले की वेग उतरवतात.